कडुनिंब, लवंग आणि चांदीचे नॅनोकण: तोंडातल्या जंतूंपर्यंत औषध पोचतं कसं?

तुर्भ्याच्या एपीएमसीत, मसाला मार्केटच्या गाळ्यांमधून जाताना लवंगांच्या पोत्यांपाशी जो वास येतो, तोच वास दाताच्या दवाखान्यातही येतो. दोन्हीकडचं द्रव्य एकच आहे, युजेनॉल. लवंगेच्या तेलाचा बहुतेक भाग युजेनॉलचाच असतो. दंतवैद्य ते झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीत कालवतात आणि दातात तात्पुरतं सिमेंट म्हणून भरतात. शंभरहून अधिक वर्षं हे चालू आहे. त्यामुळे ‘आयुर्वेदिक बरं की इंग्रजी औषध बरं’ हा वाद दातांच्या बाबतीत तरी मला फारसा पटत नाही. वनस्पतींची औषधं त्या खुर्चीपाशी केव्हाच पोचली आहेत.

नवं आहे ते ‘नॅनो’. ठाण्यात गोखले रोडवरच्या मेडिकलमध्ये गेलात, तर टूथपेस्टच्या फळीवर ‘हर्बल’ तर सगळीकडेच दिसेल, आणि अधूनमधून ‘नॅनो सिल्व्हर’ही. मी ठाण्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रोजेक्टचे विषय ठरवायची वेळ आली की एक तरी गट येऊन म्हणतोच, “मॅडम, आम्ही कडुनिंबापासून चांदीचे नॅनोकण करतो आणि तोंडातल्या बॅक्टेरियावर लावून बघतो.” विषय चांगला आहे. या क्षेत्रात भारतात भरपूर काम होतं आहे. पण बातम्यांमध्ये आणि जाहिरातींमध्ये त्याचं जे रूप पोचतं, त्यातून मुख्य गोष्ट निसटते. तोंडातले जंतू मारणारी द्रव्यं आपल्याकडे भरपूर आहेत. ती जंतूंच्या घरात शिरून तिथे थोडा वेळ टिकणं, हे खरं अवघड काम आहे. नॅनोकण आणि वनौषधी एकत्र आणण्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

त्यासाठी आधी ते घर बघावं लागेल.

माणसाच्या तोंडात आजवर ७०० हून अधिक जातींचे जीवाणू सापडले आहेत. एका माणसाच्या तोंडात ते सगळे एकदम नसतात, आणि असतात त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगाचे. दात घासून चूळ भरली की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा दातावर चढतो. त्याला धरून पहिले जीवाणू बसतात, त्यांना धरून दुसरे, मग तिसरे. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा एक लांबुळका जीवाणू आधी आलेल्यांना आणि नंतर येणाऱ्यांना दोन्हीकडून धरून ठेवतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की बुळबुळीत लागतो, तोच हा थर, म्हणजे प्लाक. शास्त्रीय भाषेत बायोफिल्म.

यातलं सर्वांत बदनाम नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. क्लार्क या ब्रिटिश संशोधकाने १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. आमची मुलं त्याला नुसतं ‘म्युटन्स’ म्हणतात. त्याच्याकडे दोन कसब आहेत. एक म्हणजे साखर पचवून तो लॅक्टिक ॲसिड तयार करतो. दुसरं अधिक वाईट आहे. आपल्या रोजच्या साखरेपासूनच, म्हणजे सुक्रोजपासून, तो ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ विणतो. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. त्यात म्युटन्स स्वतःही गुरफटून बसतो आणि इतरांनाही धरून ठेवतो. मग आत तयार झालेलं ॲसिड लाळेने सहज धुऊन निघत नाही. तिथला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच, म्हणजे एनॅमल, विरघळायला लागतं. त्याच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडतं. गोड खाल्ल्यावर पीएच परत जागेवर यायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणून जेवणानंतर एकदाच खाल्लेल्या दोन गुलाबजामांपेक्षा ऑफिसात दिवसभरात पाचदा घेतलेला गोड चहा आणि बिस्किटं दातांना जास्त महागात पडतात.

हिरड्यांचा त्रास देणारे वेगळे असतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यांतला एक मुख्य. त्याला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून तो दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत खोल राहतो. रूट कॅनाल करूनही दात परत दुखायला लागला, तर पुष्कळदा एन्टेरोकॉकस फीकॅलिस सापडतो. तो अतिशय चिवट आहे. ही नावं पाठ करायची गरज नाही. पण प्रत्येकाचा पत्ता वेगळा आहे हे लक्षात ठेवलं, तर तोंडात नुसतं खळखळवलेलं औषध सगळीकडे सारखं का पोचत नाही, ते कळतं.

हा प्रश्न किती जुना आहे पाहा. हॉलंडच्या लेव्हेनहुकने १६८३ च्या पत्रात स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचं लिहिलं आहे. त्यात वळवळणारे जीव दिसले. मग त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली, तरी थरातले जीव जिवंत. तोच थर बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवला, तर ते लगेच मेले. त्याचा निष्कर्ष असा, की व्हिनेगर थराच्या वरवरच्या जीवांनाच मारतं, आतपर्यंत जात नाही. आज बायोफिल्मवरच्या प्रयोगांतही हेच दिसतं. मोकळे तरंगणारे जंतू औषधाच्या ज्या मात्रेने मरतात, त्याच्या काही पट, काही औषधांच्या बाबतीत तर हजार पटीपर्यंत मात्रा थरात बसलेल्या त्याच जंतूंना लागू शकते.

आता वनौषधींकडे येऊ. दात घासायच्या काड्यांमध्ये कडू चवीत कडुनिंब, तुरट चवीत खैर आणि तिखट चवीत करंज उत्तम, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. बाभळीची काडी आपल्याकडे खेडोपाडी वापरायचे. ही निवड आंधळी नव्हती. खैर आणि बाभळीत टॅनिन भरपूर असतं, त्याचा तुरटपणा जिभेला लगेच कळतो, आणि टॅनिन जंतूंच्या प्रथिनांनाही घट्ट धरतं. काडीने घासताना थर खरवडला जातो, हा फायदा वेगळाच. हिरडा, बेहडा, आवळा यांच्या त्रिफळ्याच्या चुळीवर भारतात माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींत प्लाक कमी होण्याचं प्रमाण क्लोरहेक्सिडीनच्या जवळपास आलं आहे. क्लोरहेक्सिडीन हा दंतवैद्यांचा भरवशाचा माउथवॉश. पण तो फार दिवस वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बिघडते. म्हणून पर्याय शोधण्याला खरोखर अर्थ आहे.

मला स्वतःला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. काही वनस्पतिज द्रव्यं जंतूला न मारताच त्याची पकड सोडवतात. ग्रीन टीमधली कॅटेचिनं ग्लुकान विणणाऱ्या एन्झाइमला अडवतात. हळदीतलं कर्क्युमिन म्युटन्सच्या सॉर्टेज ए या एन्झाइमच्या कामात अडथळा आणतं. या एन्झाइमच्या मदतीने जंतू पृष्ठभागाला चिकटण्यासाठी लागणारी प्रथिनं आपल्या अंगावर रोवतो. प्रयोगशाळेत हे चांगलं दिसून आलं आहे. जंतू मेला नाही, पण चिकटूच शकला नाही, तर लाळेबरोबर गिळला जातो. मारण्याचा दबाव नसल्यामुळे औषधाला पुरून उरणाऱ्या जंतूंची पैदास होण्याचा धोकाही कमी असतो.

अडचण कुठे येते? हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हळदीच्या पाण्याच्या गुळण्या केल्या तर बरंचसं कर्क्युमिन भांड्याच्या तळाशी गाळ होऊन राहतं. युजेनॉल उडून जातं, आणि निखळ लवंगेचं तेल कापसाने हिरडीला लावलं तर ती भाजते. कडुनिंबाच्या पाल्यात मे महिन्यात जे असतं, ते श्रावणात त्याच प्रमाणात असेलच असं नाही. आणि सगळ्यांना सारखीच लागू असलेली अडचण म्हणजे लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तोंडात येते आणि कुठलंही औषध काही मिनिटांत धुऊन नेते.

नॅनोकण कामाला येतात ते इथे.

१ ते १०० नॅनोमीटर एवढ्या आकाराच्या कणाला नॅनोकण म्हणतात. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो आणि म्युटन्सचा व्यास ५०० ते ७५० नॅनोमीटर. म्हणजे २० नॅनोमीटरचा कण जंतूपेक्षाही कितीतरी लहान, त्यामुळे थरातल्या बारीक वाटांमधून आत शिरण्याची शक्यता असते. दुसरा फायदा पृष्ठभागाचा. चांदीचा एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर होतात. त्याच ठोकळ्याचे एक नॅनोमीटर बाजूचे ठोकळे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६,००० चौरस मीटर. २०१७ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. तसलं आंतरराष्ट्रीय मापाचं मैदान ७,१४० चौरस मीटरचं असतं, म्हणजे चांदीच्या एवढ्याशा ठोकळ्याने ते बहुतेक भरेल. प्रत्यक्षात वापरतात ते कण याहून मोठे असतात, दहा-वीस-पन्नास नॅनोमीटरचे, त्यामुळे आकडा खाली येतो. पण मुद्दा तोच राहतो. चांदीची क्रिया तिच्या पृष्ठभागावर होते, आणि तो अफाट वाढतो.

या पृष्ठभागावरून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, हळूहळू सुटतात. ते जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटतात आणि एन्झाइम बंद पाडतात. कण स्वतः पेशीच्या आवरणाला चिकटून त्याला खड्डे पाडतात. आत ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होऊन डीएनएलाही इजा होते. एकाच वेळी इतक्या बाजूंनी मारा झाल्यावर जंतूला पळवाट काढणं कठीण जातं. कठीण म्हणजे अशक्य मात्र नाही. चांदीला दाद न देणारी जनुकं काही जीवाणूंमध्ये सापडलेली आहेत.

प्रयोगशाळेत हे कण करतात कसे, ते एकदा बघण्यासारखं आहे. कडुनिंबाची ताजी पानं धुऊन, चिरून डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायची आणि गाळून घ्यायची. फिकट पिवळसर पाणी मिळतं. दुसऱ्या फ्लास्कमध्ये सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण, पाण्यासारखं स्वच्छ. त्यात पानांचा काढा थोडा थोडा टाकायचा. सुरुवातीला काहीच होत नाही, आणि मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. मग हळूहळू पिवळा रंग गडद होतो, पुढे तांबूस आणि शेवटी चक्क तपकिरी. पाल्यातल्या पॉलिफेनॉल आणि तत्सम द्रव्यांनी चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन दिलेले असतात. आयनांचे अणू होतात आणि अणू एकत्र येऊन कण बनतात. रंग येतो तो या कणांमुळेच. त्यांच्यातले इलेक्ट्रॉन जांभळा-निळा प्रकाश शोषतात. कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दरम्यान शिखर दिसलं की समजायचं, कण झाले. ग्लोव्ह्ज घातले नाहीत तर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवर कित्येक दिवस राहतात, आणि ते बघून प्रोजेक्ट कुणाचा आहे ते ओळखू येतं.

काढा इथे दोन कामं करतो. एक, कण तयार करतो. त्यासाठी एरवी सोडियम बोरोहायड्राइडसारखी जहाल रसायनं लागतात. दोन, काढ्यातलीच द्रव्यं कणांभोवती लपेटून बसतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, आणि वनस्पतीचा थोडा गुणही कणाबरोबर जातो. पण पाला बदलला की कणांचा आकार आणि वेष्टण दोन्ही बदलू शकतं. औषध म्हणून हे बाजारात आणायचं तर प्रत्येक घाणा सारखाच उतरला पाहिजे. ‘हिरव्या’ पद्धतीचं कौतुक करणाऱ्या लेखांत याचा उल्लेख मला क्वचितच दिसतो.

नॅनोकण धातूचेच असतात असंही नाही. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात कोळंबी सोललेली बघितली असेल, तर सालांचे ढीगही बघितले असतील. त्या सालांतल्या कायटिनपासून कायटोसान मिळतं. त्यावर धन विद्युतभार असतो आणि जंतूंच्या आवरणावर ऋण, म्हणून ते जंतूंना जाऊन चिकटतं. तोंडाच्या आतल्या ओलसर त्वचेलाही चिकटतं, त्यामुळे लाळेबरोबर लगेच वाहून जात नाही. त्याचे नॅनोकण करून आत कर्क्युमिन किंवा युजेनॉल भरलं, तर न विरघळणारं, उडून जाणारं औषध थरापर्यंत नेता येतं आणि तिथे सावकाश सोडता येतं. वनौषधी आणि नॅनो यांची खरी जोडी मला इथे दिसते. ब्राझीलच्या संशोधकांनी चांदीचे नॅनोकण, कायटोसान आणि फ्लोराइड एकत्र करून शाळकरी मुलांच्या किडलेल्या दातांवर लावून पाहिलं. बऱ्याच दातांतली कीड पुढे सरकायची थांबली आणि दात काळे पडले नाहीत. काळं पडण्याचं महत्त्व असं, की चांदीचंच एक जुनं औषध, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, कीड थांबवण्यात उत्तम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, पण किडीची जागा त्याने कायमची काळी होते.

आणखी एक काम मला फार आवडतं. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मिशेल कू यांच्या गटाने लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण वापरले. त्यासाठी फेरुमॉक्सिटॉल घेतलं, जे रक्तक्षयाच्या रुग्णांना लोह देण्यासाठी आधीपासून मंजूर आहे. हे कण हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर दिले की आम्ल असलेल्या जागी जोमाने काम करतात. तिथे तयार झालेली ऑक्सिजनची आक्रमक रूपं जंतूंना मारतात आणि चिकट जाळंही तोडतात. आम्ल कुठे असतं? कीड जिथे चालू आहे तिथेच. निरोगी भागात हे कण जवळजवळ गप्प राहतात. स्वयंसेवकांच्या तोंडात खऱ्या एनॅमलचे तुकडे बसवलेली कवळीसारखी पट्टी देऊनही त्यांनी हे तपासलं आहे.

आता प्रोजेक्टवाल्यांना मी दरवर्षी ज्यावरून टोकते, त्याकडे येते. आगार या जेलीसारख्या पदार्थाच्या प्लेटमध्ये म्युटन्स पसरायचा, मधे खड्डा पाडायचा, त्यात नॅनोकणांचं द्रावण टाकायचं, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते पट्टीने मोजायचं. ‘झोन’ १८ मिलिमीटर आला की आनंदीआनंद, आणि निष्कर्षात वाक्य येतं की हा माउथवॉशला पर्याय आहे. तो होत नाही. प्लेटवर औषध रात्रभर होतं, तोंडात एक मिनिट असणार. प्लेटवर एकच जात होती आणि तिने थर धरलेला नव्हता. प्लेटवर लाळ नव्हती. लाळेत क्लोराइड असतं, त्याने चांदीचा काही भाग सिल्व्हर क्लोराइड होऊन बसतो, आणि लाळेतली प्रथिनं उरलेल्या कणांना वेढतात. शिवाय झोन औषध आगारमध्ये किती पसरतं यावरही अवलंबून असतो. कण मोठे, म्हणून कमी पसरतात, साधं द्रव्य झपाट्याने पसरतं. त्यामुळे दोन वेगळ्या औषधांचे झोन शेजारी ठेवून एकाला सरस ठरवणं चुकीचं आहे. लेव्हेनहुकने जे पत्रात लिहिलं, ते प्लेट लपवते.

सुरक्षिततेचं काय? चांदी महिनोन् महिने पोटात जात राहिली तर त्वचा कायमची निळसर-राखाडी होते. या विकाराला आर्जिरिया म्हणतात आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. कोलॉइडल सिल्व्हर नावाने ऑनलाइन विकली जाणारी पाणी घरी आणून गुळण्या करू नका आणि पिऊ तर अजिबात नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच सांगितलं आहे की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या अशा औषधांना सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाही. जी मात्रा जंतूला मारते, तीच थोडी वाढली की हिरडीच्या पेशींनाही इजा करू शकते. आणि सगळेच जंतू मारायचेही नसतात. पालक, बीट यांतलं नायट्रेट जिभेवरचे जीवाणू नायट्राइटमध्ये बदलतात, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. क्लोरहेक्सिडीनने ही मंडळी साफ झाली की रक्तदाब थोडा वाढल्याचं काही अभ्यासांत आढळलं आहे.

मग आज दुकानात काय घ्यायचं? पाकिटावर ‘हर्बल’ आहे की नाही यापेक्षा फ्लोराइड आहे की नाही ते बघा, साधारण १,००० पीपीएम (दहा लाख भागांत १,००० भाग) लिहिलेलं असतं. फ्लोराइडने एनॅमलचा वरचा थर असा बदलतो की तो विरघळायला पीएच आणखी खाली, ४.५ च्या आसपास जावा लागतो. ‘नॅनो’ लिहिलेलं असेल तर कणांचा आकार, प्रमाण आणि माणसांवरची चाचणी यांपैकी काय छापलंय ते वाचा. काहीच नसेल तर जास्तीचे पैसे देऊ नका. कडुनिंबाची काडी आवडत असेल तर जरूर वापरा, पण रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश करा, कारण झोपेत लाळ कमी होते आणि थराला रान मोकळं मिळतं. राखुंडी आणि भरड दंतमंजनाने दात झिजतात. आणि मिश्री ही दातांचं औषध नव्हे, ती तंबाखूच आहे. दातांच्या पेस्ट आणि पावडरींमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी घराघरांत बायका तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात आणि दिवसातून चारदा हिरड्यांना चोळतात. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या त्या संस्थेत, तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन चालतं. तो कॅन्सर होण्यात तंबाखूचा वाटा सर्वांत मोठा आहे. घरातल्या आजीला, काकूंना हे सांगणं मला कुठल्याही नॅनोकणापेक्षा तातडीचं वाटतं.

यंदाच्या गटाला मी झोन मोजायला देणार नाही. एनॅमल ज्या खनिजाचं बनलेलं असतं, त्या हायड्रॉक्सिअपेटाइटच्या चकत्या घ्या, त्या लाळेत भिजवा, त्यांवर साखर घालून म्युटन्सचा थर दोन दिवस वाढू द्या. मग चकती औषधात एकच मिनिट बुडवा, धुवा, आणि थर खरवडून किती जिवंत उरले ते मोजा. एकीकडे नुसता कडुनिंबाचा काढा, दुसरीकडे नुसते चांदीचे कण, तिसरीकडे दोन्ही एकत्र, आणि शेजारी क्लोरहेक्सिडीन व साधं पाणी. आकडे छोटे येतील, पण ते तोंडाच्या जवळचे असतील.